एका जाळावर तीन कामे

मराठी घरातली चूल सहसा एकटी नसे. तिच्या शेजारी, जरा मागच्या बाजूला वैल असे. वैलात वेगळे जळण घालायचे नसते. मोठ्या चुलीवर भाकऱ्या होत असताना जो जाळ तव्याखालून निसटतो, तो मधल्या बोळातून वैलाकडे जातो. तिथे आमटी मंद उकळत राहते, दूध तापते, नाहीतर पातेल्यातले पाणी गरम होते. तव्यावरून उतरवलेली भाकरी चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या निखाऱ्यांसमोर उभी करून फुगवायची. मग उरलेल्या आरात रताळे खुपसायचे. कोकणात आणि मावळात पावसाळ्यात चुलीवर टांगलेल्या माळ्यावर ओले सरपण वाळत असे, आणि रात्री घरातली म्हातारी माणसे चुलीपुढेच शेकत बसत.

चूल म्हणजे अन्न शिजवण्याचे साधन, असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात ती तीन कामे करी. स्वयंपाक, पाणी तापवणे, आणि घर उबदार व कोरडे ठेवणे. ही तीन कामे ध्यानात ठेवली, तर चूल सुधारण्याच्या प्रयत्नांचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास बराच उलगडतो.

आंघोळीच्या पाण्याची सोय सुखवस्तू घरांनी वेगळी केली, ती बंबाने. तांब्याचे उभे भांडे, त्याच्या मधोमध आरपार नळी, खाली जाळी, बाजूला तोटी. नळीत काटक्या, नारळाच्या करवंट्या, सुताराकडच्या ढलप्या, जे मिळेल ते घालायचे. विस्तवाभोवती चहूकडून पाणीच असल्याने उष्णता फारशी वाया जात नाही, आणि नळीच धुराड्याचे काम करत असल्याने जाळ चांगला ओढतो. रशियातल्या चहाच्या सामोवारची रचनाही नेमकी हीच. हिमाचलात आंघोळीच्या पाण्यासाठी लाकडावर चालणारा जो ‘हमाम’ वापरतात, तो पाहून कोल्हापूर-साताऱ्याकडच्या माणसाला बंबाचीच आठवण यावी. दिवाळीच्या पहाटे चिंचेने घासून लखलखीत केलेला बंब अनेकांनी पाहिला असेल, पण उष्णतेचा इतका काटकसरी उपयोग करणारे साधन म्हणून त्याचे कौतुक आपण केलेले नाही.

युरोपात या काटकसरीचा विचार शास्त्राच्या अंगाने केला तो बेंजामिन थॉम्पसन, म्हणजेच काउंट रमफोर्ड याने. जन्माने अमेरिकी (१७५३), निष्ठेने इंग्रजांचा आणि नोकरीने बव्हेरियाच्या राजदरबाराचा, असा हा विलक्षण गृहस्थ. तोफांच्या नळ्या कोरताना पाणी उकळवून उष्णता हा पदार्थ नाही, गतीचाच प्रकार आहे, असे त्याने १७९८ मध्ये मांडले. त्याआधी म्युनिकमध्ये गरिबांसाठी काढलेल्या कामघरात रोज शेकडो माणसांचे जेवण रांधण्याची जबाबदारी त्याच्यावर होती. तिथे लाकडाचा खर्च डोळ्यांत भरे. उघड्या शेगडीवर अन्नापेक्षा हवाच जास्त तापते, हे त्याच्या लक्षात आले. मग त्याने विटांच्या ओट्यात भांडी बसवली, प्रत्येक भांड्याखाली स्वतंत्र छोटा जाळ ठेवला आणि हवेला झडप केली. त्याचे हे ओटे सामान्य घराला परवडणारे नव्हते, पण एकोणिसाव्या शतकात बिडाच्या शेगड्या सर्रास होऊ लागल्या आणि ‘जाळ कोंडा, हवा मोजून द्या’ हे तत्त्व घरोघरी पोहोचले. अमेरिकेतल्या लाकडाच्या शेगडीला तर एका अंगाला भट्टी आणि दुसऱ्या अंगाला पाण्याची टाकी जोडलेली असे. खोली तीच गरम करी. म्हणजे आपल्या चुलीची तिन्ही कामे, फक्त लोखंडात.

मात्र एक फरक मोठा आहे. थंड मुलखात शेगडीने गिळलेली उष्णता वाया जात नाही, ती घरालाच मिळते. रशियातली विटांची जाडजूड चूल सकाळी पेटवली, की दिवसभर ऊब देते. तिच्या माथ्यावर लोक झोपत. स्पितीला जाऊन आलेल्यांनी खोलीच्या मधोमध पत्र्याचा तंदूर पाहिला असेल. त्यावर डाळ, कडेला किटली, भोवती सारे घर. विदर्भातल्या मे महिन्यात हीच ऊब कोणाला हवी आहे?

आपल्याकडे धुराचा विचार प्रथम पद्धतशीर झाला तो वर्ध्याला. १९३४ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जे. सी. कुमारप्पा यांच्या नेतृत्वाखाली त्याचे काम मगनवाडीत चाले. तिथे तयार झालेली ‘मगन चूल’ मातीचीच होती, पण तिला दोन-तीन तोंडे आणि शेवटी धुराडे होते. पुढे १९५३ मध्ये हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेचे एस. पी. राजू यांनी आपल्या निर्धूर चुलीवर इंग्रजीत पुस्तिकाच लिहिली. (मराठवाडा त्या वेळी हैदराबाद राज्यातच होता.) या साऱ्यांचा हेतू निर्मळ होता. स्वयंपाकघरातल्या बाईचे डोळे आणि छाती वाचावी, ही तळमळ त्यामागे होती.

पण गोष्ट सरळ नव्हती. १९८० च्या दशकात मोजमाप झाले, तेव्हा अशा अनेक जाड मातीच्या, बहुतोंडी चुली उघड्या चुलीइतकेच किंवा तिच्याहून जास्त लाकूड खातात असे दिसले. माती उष्णता पिते, धुराडे उरलेली ओढून नेते. घरातल्या अडचणी याहून साध्या होत्या. छपरातून धुराडे काढले की तिथून पाऊस गळतो. काजळीने नळी तुंबते आणि ती झाडणार कोण? तोंड लहान, म्हणून लाकूड बारीक फोडावे लागते. ते काम पुन्हा बाईकडेच. गवती छपराला कीड लागू नये म्हणून धूर हवासाही असे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम राबवला, तीन कोटींहून जास्त चुली बसवल्याची नोंद झाली आणि २००२ मध्ये तो बंद झाला. किती चुली बसवल्या हे मोजणे सोपे. त्यांतल्या किती वर्षभराने पेटत होत्या, हा प्रश्न खरा होता.

धुराचे मोजमापही उशिराच सुरू झाले. कर्क स्मिथ या अमेरिकी संशोधकाने भारतीय सहकाऱ्यांसह गुजरातच्या खेड्यांत, चुलीपुढे बसलेल्या बायकांच्या श्वासात काय जाते ते मोजले आणि १९८३ मध्ये प्रसिद्ध केले. कारखान्यांच्या धुराड्यांवर तोवर पुष्कळ कागद खर्ची पडला होता. मनुस्मृतीत गृहस्थाच्या हातून नकळत हिंसा होते अशा पाच जागा सांगितल्या आहेत, त्यांत पहिले नाव चुलीचे. ती चिंता किड्यामुंग्यांची. फुंकणीने जाळ फुंकणाऱ्या बाईच्या फुप्फुसांकडे शास्त्रज्ञांचे लक्ष जायलाही विसाव्या शतकाची अखेर यावी लागली.

२०११ च्या जनगणनेत देशातल्या ४९ टक्के घरांचे मुख्य जळण लाकूड होते, तर गॅस साडेअठ्ठावीस टक्के घरांत. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वच्छ इंधन वापरणारी घरे ५८.६ टक्क्यांवर गेली. झेप मोठी आहे, तिला कमी लेखण्याचे कारण नाही. तरीही खेड्यातल्या सकाळी धूर दिसतोच. गॅसवर चहा होतो, भाजी होते, पाहुणा आला तर पोहेही होतात. पण घरातल्या पाच-सहा माणसांच्या आंघोळीचे पाणी सिलिंडरवर तापवायला कोणी धजत नाही. त्यासाठी परसात तीन दगड असतात, वर काळाकुट्ट हंडा, खाली तुराट्या नाहीतर पऱ्हाट्या. थंडीच्या दिवसांत पोरे त्याच जाळाभोवती हात शेकत शाळेची वाट बघतात, आणि पाणी तापले की त्याच विस्तवावर भाकऱ्याही उरकून घेतल्या जातात.