दत्तकपण (ख्रिस्ती धर्मविचार)

दत्तकपण : ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्याला देव आपल्या घरात मूल म्हणून घेतो, ही ख्रिस्ती धर्मातील शिकवण. आपण कोणाचे, आणि आपले तारण टिकेल ना, या दोन्ही प्रश्नांना तिच्यात एकच उत्तर मिळते. नव्या करारात ही मांडणी पौलाची आहे. रोमकरांस (अध्याय 8 व 9), गलतीकरांस (अध्याय 4) आणि इफिसकरांस (अध्याय 1) लिहिलेल्या पत्रांत ती येते. योहानाच्या लेखनात देवापासून जन्म घेण्याची भाषा आहे. दत्तक घेतले जाण्याची भाषा पौल वापरतो. इस्राएल हा देवाचा पुत्र, ही जुन्या करारातली जाणीव तिच्यामागे आहेच.

पौलाच्या काळच्या रोममध्ये दत्तक म्हणजे बहुधा तान्हे मूल नसे. घराण्याला वारस हवा म्हणून जाणत्या वयाचा पुरुष घेतला जाई. यूलियस सीझरने मृत्युपत्राने ऑक्टेवियनला पुत्र केले, तेव्हा (इ. स. पू. 44) तो अठरा वर्षांचा होता. हाच ऑक्टेवियन पुढे सम्राट ऑगस्टस झाला आणि इ. स. 4 मध्ये त्याने टायबीरियसला दत्तक घेतले. टायबीरियसने तेव्हा चाळिशी ओलांडली होती. दत्तक गेलेल्याचे जन्मघराशी असलेले कायदेशीर नाते संपे आणि नव्या घराचे नाव व वारसा त्याला मिळे. दत्तकपुत्राचे मूळ गोत्र व धन सुटते, असे मनुस्मृतीही सांगते. मात्र दत्तक झाले तरी ते मान्य व्हावे लागते. 1848 मध्ये साताऱ्याच्या गादीचा दत्तक कंपनी सरकारने नाकारला आणि राज्य खालसा केले. पौलाच्या मांडणीत दत्तक घेणारा आणि त्याला मान्यता देणारा एकच आहे. त्याच्यावर कोणी सरकार नाही, म्हणून हे दत्तक रद्द होऊ शकत नाही.

विश्वासणाऱ्याच्या खात्रीचे मूळ येथे आहे. तिची साक्ष पवित्र आत्मा देतो, असे पौल म्हणतो. त्या आत्म्याने माणूस देवाला ‘अब्बा’ म्हणून हाक मारतो. गेथशेमाने बागेत, मरणाच्या आदल्या रात्री, येशूने प्रार्थनेत वापरलेली हीच हाक आहे. म्हणजे पुत्राच्या तोंडची हाक दत्तकांच्या तोंडी दिली गेली. इफिसकरांस पत्रात हाच आत्मा वतनाचा विसार ठरतो : सौदा पुरा व्हायचा आहे, पण देणारा बांधला गेला आहे. पूर्ण दत्तकपण शरीराच्या मुक्तीबरोबर पुढे यायचे आहे, हेही पौल लपवत नाही. वारसांच्या वाट्याला ख्रिस्ताबरोबर दुःख येते, हे तो त्याच दमात सांगतो. आजारपण, बेकारी किंवा घरातला मृत्यू ही देवाने टाकून दिल्याची खूण मानू नये, याला या शिकवणीत भक्कम आधार आहे.

या खात्रीचा दर्जा कोणता, यावर पाश्चात्त्य चर्चमध्ये मोठा वाद झाला. ट्रेंटच्या परिषदेने 1547 मध्ये ठरवले, की खास प्रकटीकरणावाचून आपण निवडलेल्यांतले आहोत असे कोणी निःसंशय म्हणू नये. कॅथलिक शिकवणीचा भर आशेवर व संस्कारांवर राहिला. सुधारित पंथाच्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीचा (1563) पहिलाच प्रश्न जगता-मरताना माणसाला धीर कशाचा, असा आहे आणि तिचे उत्तर ख्रिस्ताच्या मालकीचे असण्यावर उभे आहे. वेस्टमिन्स्टरच्या विश्वासपत्राने (1646) दत्तकपणाला स्वतंत्र प्रकरण दिले. त्यातले खात्रीविषयीचे प्रकरण फार समंजस आहे : खऱ्या विश्वासणाऱ्यालाही खात्री उशिरा मिळू शकते, मिळालेली डळमळू शकते, तरी तेवढ्याने त्याचे मूलपण जात नाही. सभेत उठून साक्ष देता येत नाही म्हणून स्वतःला परके समजणाऱ्याने हे प्रकरण अवश्य वाचावे. जॉन वेस्लीने 1738 मधील लंडनच्या अनुभवानंतर आत्म्याच्या अंतरंगातील साक्षीवर जोर दिला. 1999 मध्ये ऑग्सबर्ग येथे कॅथलिक व लूथरन चर्चनी काढलेल्या संयुक्त जाहीरनाम्यात तारणाच्या खात्रीवर परस्परसमजुतीचा एक भाग आहे.

महाराष्ट्रात ही शिकवण घर सुटलेल्या माणसांनी अनुभवली. 1850 च्या कायद्याने धर्मांतर करणाऱ्याचा वारसाहक्क कागदावर राखला. पंगत, सोयरीक आणि आईचा उंबरठा कोणताही कायदा राखू शकत नव्हता. बाबा पदमनजी (बाप्तिस्मा 1854) व ना. वा. टिळक (1895) यांना ही किंमत मोजावी लागली. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळाच्या काळात गेले, 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये पती. 1883 मध्ये त्यांनी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त स्वतः सुमारे आठ वर्षांनी भेटला, असे त्यांनी 1907 च्या आपल्या साक्षीत नोंदवले आहे. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी विधवा व दुष्काळग्रस्त मुलींना घर दिले. रोमन घराण्यात वारस म्हणून पुत्र घेत. पौलाने तो हक्क स्त्रियांसकट सर्वांना दिला होता. केडगावात त्याचा अर्थ टाकलेल्या मुलींपर्यंत पोचला.

गलतीकरांस पत्रात दत्तकपणाच्या थोडे आधी यहूदी-हेल्लेणी, दास-स्वतंत्र, पुरुष-स्त्री हे भेद ख्रिस्तात उरत नाहीत, असे विधान आहे. हा योगायोग नाही. एका बापाच्या घरात घेतलेली मुले एकमेकांची भावंडे होतात. भारतातील अनेक मंडळ्यांत लग्न जुळवताना आजही पूर्वीची जात विचारली जाते. अशा मंडळीने दत्तकपणाची शिकवण निम्मीच स्वीकारली आहे, असेच म्हणावे लागेल.