कुलूप माझं, किल्ली कोणाची?

परवा माळा आवरताना २००६ सालची एक वही सापडली. मागच्या पानावर ईमेल आणि ऑर्कुट, दोन्हींचा एकच पासवर्ड लिहिलेला! हसू आलं, आणि पाठोपाठ आतेबहिणीची आठवण झाली.

ती तेव्हा अमरावतीला शिकायची. राजकमल चौकाजवळच्या एका नेट कॅफेत एकदा लॉगआउट करायला विसरली. तिच्यानंतर त्या खुर्चीवर जो कोणी बसला, त्यानं तिच्या नावानं ओळखीच्या चार-पाच जणांना घाणेरडे स्क्रॅप टाकले. ऑर्कुटचं स्क्रॅपबुक म्हणजे गावची चावडीच. दोन दिवसांत बातमी अकोल्याला, जठारपेठेत आत्याकडे पोचली. आत्यानं फोनवर एवढंच विचारलं, "हे तूच लिहिलं का वं?" त्या प्रश्नानं ती जितकी रडली, तितकी त्या स्क्रॅपांनी नाही.

पोलिसांत जावं का, यावर घरात बराच खल झाला. कायदा होता. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला होता. त्यातलं कलम ६६ थेट हॅकिंगचंच. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण त्याचा भर संगणकातली माहिती नष्ट करण्यावर, बदलण्यावर. परवानगीशिवाय शिरकाव केला तर कलम ४३ खाली नुकसानभरपाई मागता येई. दुसऱ्याच्या पासवर्डानं त्याचं सोंग घेणं, याला मात्र त्या कायद्यात वेगळं नावच नव्हतं. शिवाय तपास उपअधीक्षक दर्जाच्या खालच्या अधिकाऱ्यानं करायचा नाही, असा नियम. चार स्क्रॅपांसाठी कोण येणार? आम्ही गप्प बसलो.

पुढच्याच वर्षी दुसरं टोक दिसलं. ऑगस्ट २००७ मध्ये पुणे पोलिसांनी बंगळूरच्या एका संगणक अभियंत्याला अटक केली. आरोप, ऑर्कुटवर शिवाजी महाराजांची बदनामी केल्याचा. पुरावा म्हणजे इंटरनेट कंपनीनं कळवलेला आयपी पत्ता. तो पत्ताच चुकीच्या माणसाचा निघाला! तोवर त्या बापड्याचे ५० दिवस येरवड्यात गेले होते. खरं तर असा पत्ता बहुतेकदा कायमचा कुणाचा नसतोच. लॉजच्या खोलीसारखा, आज हा, उद्या तो. त्यामुळे नेमकी तारीख आणि वेळ जुळवल्याशिवाय त्याला अर्थ नाही. आणि सगळं जुळलं तरी कळतं ते जोडणी कोणाची होती एवढंच. कीबोर्डवर बोटं कोणाची होती, ते नाही.

डिसेंबर २००८ मध्ये संसदेनं कायदा दुरुस्त केला आणि तो २७ ऑक्टोबर २००९ ला अमलात आला. ६६क हे कलम (इंग्रजीतलं ६६सी) आलं. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीनं वापरला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. तपास निरीक्षकालाही करता येऊ लागला. बहिणीच्या दुखण्याला नाव मिळालं, तीन वर्षं उशिरा! त्याच दुरुस्तीत कलम ६६अ (६६ए) सुद्धा आलं, ज्याच्या आधारे २०१२ साली पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या मजकुरासाठी अटक झाली. सर्वोच्च न्यायालयानं ते २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. म्हणजे एकाच कायद्यानं किल्ली जपली आणि तोंडही बांधलं.

ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. ते स्क्रॅपही गेले. कॅफेतला तो माणूस कोण होता, हे आम्हाला कधीच कळलं नाही.

असो. वहीचं ते पान फाडून टाकलं. गेल्या आठवड्यात आत्याचा फोन आला होता, "बँकेतून बोलतो म्हणे एक जण, नंबर मागून राह्यला. सांगू का?" म्हटलं, अजिबात नाही, आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन कर. मग ती जरा थांबून म्हणाली, "तवा पोरीले मी उगाच विचारलं न?"

तिला म्हटलं, हे मला नको, तिलाच सांग. संध्याकाळी बहिणीचा फोन आला. आत्यानं सांगितलं होतं.