धुराची चादर आणि हवेचा पहिला किलोमीटर

पावसाळा सरल्यावर पहाटे आर्वीच्या शिवारात शेकोटीचा धूर बघा. थोडा वर जातो आणि चादरीसारखा आडवा पसरतो. रात्रीतून जमीन गार होते, तिच्यालगतची हवा गार नि जड होते, आणि वर उबदार हवेचं झाकण बसतं. ऊन चढलं की ते मोडतं.

हे झाकण मोजायचं कसं? 1749 मध्ये ग्लासगोच्या अलेक्झांडर विल्सनने पतंगांना थर्मामीटर बांधून वर सोडले. आपल्याकडे 1932 मध्ये एल. ए. रामदास आणि आत्मनाथन यांनी दाखवलं, की निरभ्र, शांत रात्री सगळ्यात गार हवा जमिनीला चिकटून नसते, वीतभर-हातभर वर असते. आधी अनेकांचा विश्वास बसला नाही. याच रामदासांनी पुढे पुण्यात हवामान खात्याचा कृषी विभाग घडवला.

मग फुगे आले. नागपूरहूनही ते सोडतात. पण फुगा मिनिटाला साधारण 300 मीटर चढतो; म्हणजे आपण ज्यात जगतो तो पहिला किलोमीटर तीन-साडेतीन मिनिटांत संपतो. सकाळच्या आणि संध्याकाळच्या फुग्यांमध्ये दिवसभर काय घडलं, ते निसटतं. यंत्रही बहुधा परत मिळत नाही.

ही उणीव छोटं विनावैमानिक विमान भरून काढतं. 1970 मध्ये अमेरिकेत कॉनरॅड आणि सहकाऱ्यांनी रेडिओवर चालणाऱ्या लहान विमानातून हवेची मोजणी केली. आजचा ड्रोन एकाच जागी पुन्हापुन्हा वर-खाली जाऊन तापमान, आर्द्रता, वारा मोजतो आणि परत येतो. 2022 मध्ये आपल्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयानेही हा विचार बोलून दाखवला. अडचणी आहेतच: बॅटरी लवकर संपते, जोराच्या वाऱ्यात तो टिकत नाही, आणि 120 मीटरच्या वर न्यायचा तर परवानगी लागते.

आर्वीला याचं काय? कपाशीवर आपण पहाटे फवारतो, कारण वारा नसतो. पण झाकण बसलेलं असेल तर औषधाचे बारीक थेंब खाली बसत नाहीत, जमिनीलगत तरंगत राहतात. शेजारच्या शेतात जातात, फवारणाऱ्याच्या नाकातोंडात जातात. झाकण केव्हा मोडतं हे ड्रोन गावागावात सांगू शकेल. तोवर धुराकडेच बघा. आडवा पसरत असेल, तर पंप खाली ठेवा.