धिरडे

धान्याचे किंवा डाळीचे पीठ पाण्यात, ताकात अथवा दुधात सरसरीत भिजवून तापल्या तव्यावर पसरून भाजलेला चपटा खाद्यपदार्थ. पीठ लाटावे किंवा थापावे लागत नाही, ते ओतले जाते, ही याची मुख्य खूण. म्हणून पोळी, भाकरी आणि थालीपीठ या वर्गात बसत नाहीत. घावन, आंबोळी, डोसा, सिंधी चिल्डो, फ्रान्समधील क्रेप, रशियातील ब्लिनी आणि अमेरिकेतील पॅनकेक बसतात. पदार्थाचे रूप दोन गोष्टी ठरवतात : त्या मुलखात पिकणारे धान्य आणि तिथल्या लोकांचे सण-उपवास. ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्यात या दोन्हींचा प्रभाव एकाच जागी पाहायला मिळतो. तेथे भातशेतीच्या मुलखातले तांदळाचे घावन आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांचे बेसन व गव्हाचे प्रकार शेजारीशेजारी नांदतात.

प्राचीन उल्लेख

ऋग्वेदात येणारा ‘अपूप’ हा तुपाशी खाल्ला जाणारा धान्याचा पदार्थ होता. तो नेमका कसा करीत याचे वर्णन मात्र तिथे नाही. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या भोजनाचे सविस्तर प्रकरण आहे. त्यात डाळीच्या पिठापासून केलेल्या ‘धोसक’ या पदार्थाचा उल्लेख येतो. डोशाचा हा पूर्वज मानला जातो, पण त्यात तांदूळ नाही. म्हणजे तो आजच्या डोशापेक्षा डाळीच्या धिरड्याला अधिक जवळचा होता.

ग्रीसमध्ये इ. स. पू. पाचव्या शतकातील नाटककारांच्या लेखनात ‘टॅगेनाइट्स’ नावाच्या कढईतल्या धिरड्याचे उल्लेख आहेत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील वैद्य गेलेन याने त्याची कृतीच दिली आहे : गव्हाचे पीठ पाण्यात कालवावे, तापलेल्या ऑलिव्ह तेलात ओतावे, घट्ट होऊ लागले की पुन्हा पुन्हा उलटावे, वरून मध किंवा मीठ घालावे. एपिशियसच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या रोमन पाकसंग्रहात अंडी, दूध व तेल फेटून केलेला आणि मध-मिऱ्यांसह वाढलेला असाच एक पदार्थ आहे.

तव्यावरील क्रिया

तांदळात ग्लूटेन नसते. त्यामुळे घावनाचे पीठ जवळजवळ ताकाइतके पातळ ठेवावे लागते. बिडाचा तवा चांगला तापल्यावर अर्ध्या कांद्याने किंवा नारळाच्या शेंडीने त्यावर तेल फिरवतात आणि वाटीने पीठ कडेकडून आत असे ओततात. पाण्याची लगेच वाफ होते, ती वर निसटताना भोके राहतात. हीच घावनाची जाळी. तवा कमी तापला किंवा पीठ दाट झाले की जाळी पडत नाही आणि घावन चिकट होते. पीठ डावाने पसरवायला गेले तरी जाळी मोडते, म्हणून जाणत्या बायका ते नुसते ओततात आणि झाकण ठेवतात.

आंबोळी व डोसा यांची गोष्ट वेगळी. भिजवून वाटलेल्या तांदूळ-उडदाच्या पिठात रात्रभरात लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू वाढतात आणि वायू सोडतात. उडदाच्या चिकटपणामुळे तो वायू पिठात अडकून राहतो. मूठभर मेथ्या त्याला मदत करतात. बेसनाच्या धिरड्याला आंबवणे लागत नाही, कारण त्यातील प्रथिने उष्णतेने लगेच घट्ट होतात. पाश्चात्त्य पॅनकेकचा फुगीरपणा मात्र एकोणिसाव्या शतकात बेकिंग पावडर घरोघर पोचल्यानंतरचा आहे.

महाराष्ट्र व गोवा

कोकणात घावन नारळाच्या गोड रसाबरोबर किंवा चटणीबरोबर खातात. गौरीच्या नैवेद्याला घावन-घाटले करण्याची रीत अनेक घरांत आहे. आंबोळी सिंधुदुर्ग आणि कोल्हापूर या दोन्ही भागांत प्रिय आहे. मालवणी घरांत तिच्या सोबतीला काळ्या वाटाण्याचे सांबार असते. खापरोळी हा जाडसर, स्पंजासारखा प्रकार नारळाच्या दुधात गूळ घालून केलेल्या रसात बुडवून खातात. घाटावर ज्वारी, गहू, बेसन अशा मिश्र पिठांची धिरडी होतात. गव्हाच्या पिठात गूळ घातला की गोड धिरडे. गोव्यात घावनाला पोळे म्हणतात. नारळ व गुळाचे सारण भरून गुंडाळलेले अळेबेळे हा तिथला पोर्तुगीज काळापासूनचा प्रकार. मुंबई-पुण्याच्या उडुपी हॉटेलांत मिळणारे ‘टोमॅटो ऑम्लेट’ हे अंड्याविना केलेले बेसनाचे धिरडेच आहे. एकादशीला धान्य वर्ज्य असल्याने वरीच्या तांदळाचे घावन करतात.

उल्हासनगर व सिंधी प्रकार

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सुमारे १ लाख सिंधी निर्वासितांची सोय करण्यात आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी या वसाहतीची कोनशिला बसवली. शेजारून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. छावणीचे पाच भाग आजही कॅम्प १ ते कॅम्प ५ असेच ओळखले जातात. बराकींमध्ये आडोसे घालून संसार थाटलेल्या कुटुंबांना एक चूल आणि एक तवा एवढ्यावर भागवता येईल असे खाणे सोयीचे होते. सिंधी न्याहारीतील तव्यावरचे पदार्थ त्यामुळे सहज टिकले.

यांपैकी खऱ्या अर्थाने धिरडे म्हणजे चिल्डो. बेसनात कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, जिरे व अनारदाणा घालून ते सरसरीत भिजवतात आणि तव्यावर दोन्ही बाजूंनी तेल सोडून भाजतात. तांदळाच्या पिठाचा चिल्डोही होतो, आणि गव्हाच्या पिठाचा गूळ किंवा साखर घातलेला मिठो चिल्डो हा गोड धिरड्याचा भाऊ शोभतो. अनारदाण्याची आंबट चव हीच मराठी धिरड्यापासून त्याला वेगळे करते.

कोकी लाटून केली जाते, म्हणून काटेकोर अर्थाने ती धिरडे नव्हे. पण एकाच तव्यावरची जोडीदार म्हणून तिची नोंद येथे आवश्यक ठरते. कणकेत तेल किंवा तुपाचे भरपूर मोहन, कांदा, मिरची, कोथिंबीर, अनारदाणा आणि पाणी अगदी थोडे. गोळा जाडसर दाबून तव्यावर अर्धा भाजतात, खाली उतरवून पुन्हा लाटतात, वरून चिमटे काढतात आणि मंद आचेवर तूप सोडत खरपूस करतात. दोनदा तव्यावर चढल्याने जाड कोकी आतपर्यंत शिजते. मोहनामुळे ती खुसखुशीत होते आणि प्रवासातही टिकते. सोबत दही व पापड. उल्हासनगरच्या सिंधी बायकांनी निर्वासित काळात पापडांचा घरगुती व्यवसाय उभा केला, त्यामुळे हा पापडही बहुधा गावातलाच असतो. दाल-पकवानातील पकवान मात्र तळलेले असते. ते या वर्गात येत नाही.

मिठो लोलो हा गव्हाच्या पिठाचा, गुळाच्या किंवा साखरेच्या पाण्यात मळलेला जाड गोड प्रकार थदडीच्या सणाशी बांधलेला आहे. राखी पौर्णिमेनंतर सातव्या दिवशी, मराठी पंचांगानुसार श्रावण वद्य सप्तमीला, सिंधी घरांत चूल पेटवत नाहीत. आदल्या दिवशी केलेले लोलो, कोकी व भाज्या थंड खाल्ल्या जातात. त्यामुळे त्या पदार्थांत पाणी कमी आणि तूप जास्त, ही घडण सणाच्या गरजेतूनच आलेली आहे. कॅम्प २ मधील बाजारपेठांत अंबरनाथ-बदलापूरकडून खरेदीला येणाऱ्या मराठी गिऱ्हाइकांनाही कोकी व दाल-पकवान ओळखीचे झाले आहेत.

अन्य देश

ख्रिस्ती देशांत धिरड्याचा सण चाळीस दिवसांच्या उपवासाच्या तोंडावर येतो. अंडी, दूध व लोणी वर्ज्य होण्याआधी संपवायचे म्हणून इंग्लंडमध्ये ‘पॅनकेक डे’ रूढ झाला. ओल्नी गावातील पॅनकेकची शर्यत १४४५ पासूनची असल्याचे परंपरा सांगते. रशियात त्याच सुमारास मास्लेनित्सा सप्ताहात ब्लिनी खातात. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात कुट्टूच्या पिठाची खारी गॅलेत आणि गव्हाची गोड क्रेप होते. इथिओपियातील इंजेरा टेफ या बारीक धान्याचे पीठ काही दिवस आंबवून एकाच बाजूने भाजतात. मोरोक्कोच्या बगरीरलाही घावनासारखी जाळी पडते. कोरियात मुगाचे बिंदेत्तोक आणि व्हिएतनाममध्ये तांदूळपिठात हळद व नारळाचे दूध घालून केलेले बान्ह सेओ प्रसिद्ध आहे. ही दोन्ही मराठी स्वयंपाकघराला परकी वाटणार नाहीत.

आधुनिक बदल

अमेरिकेत मिसूरी राज्यात १८८९ मध्ये पॅनकेकचे तयार पीठ ‘आंट जेमायमा’ या नावाने बाजारात आले. त्यावरील कृष्णवर्णीय स्वयंपाकीण गुलामगिरीच्या काळातील प्रतिमेवर बेतलेली असल्याने २०२१ मध्ये हे नाव मागे घेतले गेले. फ्रान्समध्ये १९५६ मध्ये टेफाल कंपनी स्थापन झाली आणि नॉनस्टिक भांडी सर्वसामान्यांच्या घरी आली. महाराष्ट्रात औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) ‘निर्लेप’ने असे तवे घरोघर पोचवले. त्यावर चिल्डो व बेसनाचे धिरडे विनासायास सुटतात. घावनाला मात्र अतिशय तापलेला तवा लागतो आणि नॉनस्टिकचा थर तेवढी आच सोसत नाही, म्हणून कोकणी घरांत बिडाचा तवा अजून वापरात आहे.