आंतरराष्ट्रीय शाळा आणि मागे पडलेले मूल

कामगार चळवळीत ज्यांची उमेदीची वर्षे गेली अशा आमच्यासारख्यांनी वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर येऊन आंतरराष्ट्रीय शाळांविषयी बोलावे, हे काही श्रोत्यांस चमत्कारिक वाटेल. ज्या शाळांची वर्षाची फी ऐकून गिरणी कामगाराचे डोळे पांढरे व्हावेत, त्यांच्याशी आमचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो शंभर वर्षांहून जुना आहे.

पहिले महायुद्ध संपले आणि १९१९ साली आंतरराष्ट्रीय मजूर संघटना जन्मास आली. तिच्या वॉशिंग्टन येथील पहिल्या परिषदेस हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले ते आपले नारायण मल्हार जोशी. पुढच्याच वर्षी संघटनेची कचेरी जिनेव्हास आली आणि राष्ट्रसंघानेही तेथेच बस्तान मांडले. देशोदेशींचे कारकून, दुभाषे, डॉक्टर आणि कायदेपंडित बायकामुलांसह त्या लहानशा शहरात उतरले. आता या मुलांना घालायचे कोठे? बाप आज जिनेव्हात, दोन वर्षांनी आणखी कोठे. स्विस शाळेत घालावे तर भाषेची अडचण, आणि परत मायदेशी गेल्यावर तेथील परीक्षेची अडचण. या गरजेतून १९२४ च्या सप्टेंबरात मूठभर मुले घेऊन जिनेव्हाची आंतरराष्ट्रीय शाळा उघडली. राष्ट्रसंघातील अमेरिकन अधिकारी आर्थर स्वीटझर आणि आरोग्य विभागाचे पोलिश डॉक्टर लुडविक राइखमान हे तिच्या संस्थापकांत होते. मजूर संघटनेतील नोकरवर्गाची मुलेही त्याच बाकांवर बसली. म्हणजे आठ तासांच्या दिवसासाठी कायदे लिहिणारी कचेरी आणि ही शाळा यांचे कूळ एकच.

आणखी एक संस्थापक होते, आडॉल्फ फेरिएर. हे स्विस शिक्षणतज्ज्ञ नव्या शिक्षणाच्या चळवळीचे मोठे पुढारी. फेरिएर यांना तरुणपणीच बहिरेपण आले होते, आणि त्यापायी त्यांना वर्गात उभे राहून शिकवणे सोडावे लागले होते. ज्याला ऐकू येत नाही अशा माणसाच्या विचारावर जगातील अगदी पहिल्या आंतरराष्ट्रीय शाळांपैकी एक शाळा उभी राहिली, ही गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते. त्याच शहरात १९१२ पासून एदुआर क्लापारेद यांची रूसो संस्था होती आणि फेरिएर तेथे शिकवीत. क्लापारेदांचे लक्ष अगदी आरंभापासून मागे पडणाऱ्या मुलांकडे होते. जिनेव्हाच्या प्राथमिक शाळांतून अशा मुलांचे विशेष वर्ग होते, आणि त्यांत शिकवणाऱ्या आलिस देकद्र या बाईंनी १९१६ साली या शिक्षणावर ग्रंथही लिहिला. एवढे सारे एका गावात. तरीही विशेष वर्ग सरकारी शाळेत राहिला आणि आंतरराष्ट्रीय शाळा वेगळी वाढली. पुढे जगभर अशा शाळा निघाल्या त्या बहुतेक फीवर चालणाऱ्या, निवडून मुले घेणाऱ्या. १९६८ साली जिनेव्हातच आंतरराष्ट्रीय बॅकलॉरिएट परीक्षेची संस्था निघाली, तिचे तोंड प्रथमपासून विद्यापीठाच्या दाराकडे. जे मूल त्या दारापर्यंत पोहोचेलसे दिसत नाही, त्याच्या आईबापांस मुख्याध्यापक मोठ्या सौजन्याने सांगत: आमच्याकडे तशी सोय नाही. हे वाक्य आमच्या चांगल्या परिचयाचे आहे. कारखान्यात हात गमावलेल्या कामगारास मालकही हेच सांगे.

दरम्यान देशांच्या आत वेगळी हालचाल चालली होती. अमेरिकेच्या काँग्रेसने १९७५ साली अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा केला. त्या कायद्यातच नमूद आहे की देशात ऐंशी लाखांहून अधिक अपंग मुले आहेत, त्यांतील निम्म्याहून अधिकांस योग्य शिक्षण मिळत नाही आणि दहा लाख मुले सरकारी शाळांच्या पूर्णपणे बाहेर आहेत. प्रत्येक मुलासाठी लेखी वैयक्तिक योजना हवी, आणि ती ठरवताना आईबाप हजर हवेत, असा त्या कायद्याचा दंडक. लेखी करार आणि दुसऱ्या बाजूस बसण्याचा हक्क, या दोन गोष्टींसाठी कामगारांनी किती संप केले हे आपण जाणताच.

इंग्लंडात १९४४ च्या शिक्षण कायद्याखाली अपंग मुलांचे अकरा प्रकार पाडले होते, आणि ज्यांस ‘शिकवण्यास अयोग्य’ ठरवले ती मुले शाळेच्या हिशोबातच नव्हती. तो शिक्का १९७० च्या कायद्याने पुसला. मग मेरी वॉरनॉक या तत्त्वज्ञानाच्या विदुषींच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९७८ साली तिचा अहवाल आला. वॉरनॉकबाईंनी प्रश्नच फिरवून विचारला. मुलात काय उणे आहे हे पाहण्याऐवजी त्याला शिकण्यासाठी काय लागते ते पाहा, असे त्यांचे म्हणणे. लेथवर उभ्या राहणाऱ्या बुटक्या माणसास कामातून बाद करता येते, किंवा त्याच्या पायाखाली एक फळी टाकता येते. फळी टाकली की तोच माणूस इतरांइतके काम काढतो. अहवालाचा दुसरा मुद्दा आकड्यांचा. शाळेच्या साऱ्या वर्षांत केव्हा ना केव्हा अशी मदत लागणारी मुले पाचांत एक असतात. म्हणजे हा प्रश्न गावाबाहेरच्या विशेष शाळेचा राहिला नाही, तो प्रत्येक वर्गातला झाला. (याच बाईंनी २००५ साली, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, पुस्तिका लिहून आपल्याच धोरणाची पुन्हा झडती घेतली आणि सर्वांना एका छपराखाली कोंबणे काही मुलांस जाचक होते असे बजावले. अशी म्हातारी माणसे आम्हांस आवडतात.)

या अहवालातून १९८१ चा कायदा निघाला आणि १९९४ च्या आचारसंहितेने प्रत्येक सर्वसाधारण शाळेत विशेष शैक्षणिक गरजांचा एक समन्वयक असावा असे ठरवले. इंग्रज शिक्षक त्याला आद्याक्षरे जुळवून ‘सेन्को’ म्हणतात. त्याच वर्षी जूनमध्ये स्पेनमधील सालामांका येथे ९२ सरकारांच्या आणि २५ आंतरराष्ट्रीय संघटनांच्या प्रतिनिधींनी सर्व मुलांस सामावणाऱ्या शाळेचा जाहीरनामा काढला.

आता येथे नीट लक्ष द्यावे अशी आमची विनंती आहे, कारण सारी गोम येथेच आहे. ब्रिटिश अभ्यासक्रम शिकवणाऱ्या शाळा देशोदेशी गेल्या. अमेरिकन शाळाही गेल्या. त्यांच्याबरोबर पुस्तके गेली, परीक्षा गेल्या, समन्वयकाचे पद आणि त्याची पाटीही गेली. कायदा मात्र मायदेशीच राहिला. लंडनमध्ये समन्वयक मुख्याध्यापकास कायद्याचे कलम दाखवू शकतो. परदेशी खासगी शाळेतल्या समन्वयकाजवळ बहुधा शब्दांची गोडी असते आणि फार तर शाळेचे स्वतःचे धोरणपत्रक. इंग्लंडच्या २०१४ च्या संहितेने स्पष्ट म्हटले आहे की समन्वयक शाळेच्या नेतृत्व मंडळात असला तर त्याचे काम सर्वांत परिणामकारक होते. अनेक शाळांत मात्र त्याच्याकडे मुकादमाची जबाबदारी असते आणि अधिकार हमालाचा. प्रवेश कोणाला द्यायचा हे दुसरेच कोणी ठरवते. मूल आत आले की निभावायचे याने.

हे काम करावयाचे म्हणजे नेमके काय, हे आम्ही या शाळांतून नोकरी केलेल्या माणसांकडून समजून घेतले आहे. समजा, नऊ वर्षांचा मुलगा पुण्याहून दुबईस गेला. वर्गात वाचताना अडखळतो, फळ्यावरचे उतरवताना शब्द गाळतो. हा मुलगा इंग्रजीत कच्चा आहे की वाचण्यातच त्याला अडचण आहे? दोन्ही बाहेरून सारखेच दिसते. इंग्रजीतील चाचणी घेतली तर कच्च्या इंग्रजीलाच आजार म्हणून नाव पडायचे. जाणता समन्वयक प्रथम आईला विचारतो की घरी मराठी पुस्तक दिले तर काय होते. तेथे तो सरळ वाचत असेल, तर त्याला इंग्रजी शिकवणारा हवा. तेथेही काना-मात्रा जागा सोडत असतील, अक्षरे उलटसुलट होत असतील (ऱ्हस्वदीर्घाचे आम्ही म्हणत नाही, ते भल्याभल्यांचे चुकते), तर मात्र वेगळ्या मदतीची व्यवस्था लावली पाहिजे. या दोहोंची गल्लत झाली की मुलाची दोन वर्षे गेलीच.

आणि दोन वर्षे म्हणजे पुष्कळदा त्या शाळेतली त्याची सारी मुदत. बापाची बदली झाली की मूल तिसऱ्या देशात. मागच्या शाळेचे कागद वेळेवर पोहोचत नाहीत, पोहोचले तर वेगळ्या पद्धतीचे असतात, आणि कित्येक आईबाप ते मुद्दाम दडवतात, कारण कागद दाखवला तर प्रवेशच नाकारला जाईल ही भीती. ही भीती निराधार असती तर आम्हीही तिला नावे ठेवली असती. परीक्षेत चौथाई वेळ अधिक मिळावा म्हणून जो पुरावा लागतो तो मात्र वर्गातल्या रोजच्या नोंदींतून आधीपासून गोळा व्हावा लागतो. दडवलेल्या कागदाची किंमत मूल अशी दहावी-बारावीत मोजते.

याविरुद्ध आतून लढणारी माणसेही निघाली. त्यांतील एकाची कथा विलक्षण आहे. विल्यम पॉवेल हा अमेरिकन तरुण व्हिएतनाम युद्धाच्या संतापात होता. त्याने लिहिलेले ‘द अनार्किस्ट कुकबुक’ हे स्फोटके बनवण्याच्या कृतींचे पुस्तक १९७१ साली निघाले आणि जगभर बदनाम झाले. पुढे त्याला त्याचा पश्चात्ताप झाला, पण पुस्तकाचा हक्क प्रकाशकाकडे. ते बंद करणे त्याच्या हाती नव्हते. तो शिक्षक झाला, परदेशी शाळांत गेला, दार-ए-सलाम व नंतर क्वालालंपूर येथील आंतरराष्ट्रीय शाळांचा प्रमुख झाला. पत्नी ओचान कुसुमा-पॉवेल यांच्यासह त्याने २००० साली ‘काउंट मी इन’ हे पुस्तक लिहिले, तेही आंतरराष्ट्रीय शाळांनी सर्व मुलांस कसे सामावून घ्यावे याविषयी. दोघांनी पुढे ‘नेक्स्ट फ्रंटियर: इन्क्लूजन’ हा उपक्रम चालवून शाळांच्या चालकांस आणि शिक्षकांस वर्षानुवर्षे हेच समजावले. एका घरची दोन मुले, एकास प्रवेश आणि दुसऱ्यास नकार, हा प्रकार आंतरराष्ट्रीय म्हणवणाऱ्या शाळेस शोभत नाही, हे त्यांचे म्हणणे हळूहळू रुजले. पॉवेल २०१६ साली वारले. त्यांच्या पहिल्या पुस्तकाने त्यांचे नाव जेवढे गाजले त्याच्या शतांशानेही दुसऱ्याने गाजले नाही.

मन वळवण्याची ही वाट आम्ही हलकी समजत नाही. परंतु चाळीस वर्षे मालकांचे मन वळवत बसलो असतो तर गिरणीत आठ तास झाले नसते. म्हणून आम्हांस दुबईचे उदाहरण महत्त्वाचे वाटते. तेथे बहुतेक मुले खासगी शाळांत जातात, आणि त्यांत भारतीय मुलांचा भरणा मोठा. आपल्या सांगली-कोल्हापूरकडून गेलेल्या घरांचीही मुले त्यांत आहेत. तेथील शिक्षण प्राधिकरणाने २०१७ साली समावेशक शिक्षणाची चौकट जाहीर करून खासगी शाळांवर जबाबदारी टाकली. केवळ अपंगत्वाच्या कारणावरून प्रवेश नाकारू नये, आणि ही व्यवस्था पाहणारा नेता प्रत्येक शाळेत असावा, असे तिचे म्हणणे. म्हणजे पाटीला प्रथमच थोडे वजन आले.

राहता राहिला पैशाचा प्रश्न, आणि संघटनेच्या माणसास तो सोडून पुढे जाता येत नाही. मुलाशेजारी बसून त्याला दिवसभर मदत करणारी जी मदतनीस असते, तिचा पगार पुष्कळ आंतरराष्ट्रीय शाळांत मुलाच्या आईबापांकडूनच घेतला जातो. फी भरलीच आहे. तिच्यावर हा दुसरा बोजा. समन्वयक बहुधा परदेशातून आणलेला, घरभाडे आणि विमानभाड्यासह. मदतनीस बहुधा स्थानिक नेमणुकीवरची: नवऱ्याच्या नोकरीपायी आलेली शिकलेली बाई, वर्षाच्या करारावर, त्याच वर्गात त्याच मुलासाठी राबून कमी पगारावर. मूल तिच्यावर जीव लावते आणि जूनमध्ये ती बदलते. समन्वयकाने कितीही सुबक योजना लिहिली तरी ती अमलात आणणारे हात हेच आहेत. या बायकांना कायम करा, सुटीचा पगार द्या, शिकवणीचे रीतसर प्रशिक्षण द्या, ही मागणी जो समन्वयक मुख्याध्यापकापुढे ठेवतो त्यालाच आम्ही त्या कामाचा पुढारी म्हणू.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारच्या अक्षमता मानल्या, त्यांत वाचन-लेखनातील अडचणीही आल्या, आणि मान्यताप्राप्त शाळांस समावेशक शिक्षण देणे सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली अशा मुलांसाठी प्राथमिक वर्गांत दहास एक आणि त्यावरच्या वर्गांत पंधरास एक विशेष शिक्षक हवा असे प्रमाण घालून दिले. तो दावा घेऊन गेलेले स्वतः विशेष शिक्षक होते, आणि त्यांच्या तक्रारीत मुलांच्या संख्येइतकाच आपल्या कंत्राटी नोकऱ्यांचाही प्रश्न होता.