निशाण ओळखीचं होतं

आजोबांकडचे लोक पिढ्यानपिढ्या शिंद्यांच्या पागेत. त्यांची धाकटी बहीण, आमची आत्याआजी, दिलेली झाशीच्या घरात. त्यामुळे सत्तावन्नच्या उठावातली 1 जून 1858 ची लढाई ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या ओसरीवर दर उन्हाळ्यात नव्याने व्हायची.

त्या दिवशी मोरारजवळ जयाजीराव शिंदे स्वतः फौज घेऊन उभे राहिले. समोर तात्या टोपे, रावसाहेब पेशवे आणि झाशीच्या बाईसाहेब. शिंद्यांच्या तोफा सुटल्या खऱ्या, पण थोड्याच वेळात बहुतेक फौज पलीकडे जाऊन मिळाली आणि महाराज धौलपूरवरून आग्र्याला गेले.

‘‘तात्या आधीच गुपचूप येऊन पलटणी फोडून गेला होता,’’ आजोबा म्हणत.

‘‘दादा, समोर पेशव्यांचं निशाण होतं. त्याच्यावर तोफ डागायला हात कसा उचलेल?’’

आत्याआजीचं म्हणणं ऐकायला गोड, पण पुरतं खरं नाही. फौजेत पूरबिये, म्हणजे अवध-बिहारकडचे शिपाई, पुष्कळ होते, त्यांना पेशव्यांचं काय एवढं! उलट महाराजांचं मराठा अंगरक्षक पथकच शेवटपर्यंत लढलं. तरीही तिच्या बोलण्यात काहीतरी होतं. शिंद्यांचं वैभव उभं राहिलं ते पेशव्यांच्या चाकरीत. घराण्याचे मूळपुरुष राणोजी झोपेतही बाजीराव पेशव्यांचे जोडे उराशी धरून असत, ही गोष्ट आम्हाला पाळण्यापासून पाठ. पेशवाई 1818 मध्ये बुडाली, आणि चाळीस वर्षांनी रावसाहेबांनी फुलबागेत दरबार भरवून ती पुन्हा जाहीर केली, तीही शिंद्यांच्याच शहरात, शिंद्यांच्याच खजिन्यातून पलटणींचे पगार वाटून! दोन्हीकडे भगव्याचाच वारसा. हुकूम कुणाचा मानायचा, एवढाच प्रश्न.

अमेरिकेत तीन वर्षांनी, यादवी युद्धात, निशाणाच्या बाबतीत नेमकं उलटं झालं. दक्षिणेच्या बंडखोर राज्यांचा पहिला झेंडा धुरळ्यात उत्तरेच्या झेंड्यासारखाच दिसे. जुलै 1861 मध्ये मनॅससच्या लढाईत आपले कोण, परके कोण कळेना. म्हणून लाल कापडावर निळी तिरकी फुली आणि त्यात चांदण्या असं वेगळं रणनिशाण निघालं. 1948 नंतर काळ्यांच्या नागरी हक्कांना विरोध करणाऱ्यांनी तेच उंचावलं. साउथ कॅरोलिनाच्या विधानभवनाच्या आवारातून ते उतरलं 10 जुलै 2015 ला. त्याआधी जूनमध्ये चार्ल्सटनला काळ्यांच्या चर्चमध्ये वर्णद्वेषातून नऊ जणांचा खून झाला होता. ‘हा आमच्या पूर्वजांचा मान’ असं तिथले अनेक जण अजून म्हणतात. पूर्वज शूर असतीलही, पण ते लढले गुलामगिरी टिकवणाऱ्या राज्यांसाठी, हे त्या वाक्यात कुठेच येत नाही.

आमच्याकडे असं काही वाक्यातून गळू लागलं की आत्याआजी ते परत आणून ठेवी. शाळेत सुभद्राकुमारी चौहानांची झाशीच्या राणीवरची कविता पाठ करून घेत. शिंद्यांच्या कडव्यापाशी मी घरात आवाज खाली आणायचो. आत्याआजी मुद्दाम ‘पुन्हा म्हण’ म्हणायची.

एकदा आजोबांनी शेवटचा मोहरा काढला. ‘‘इंग्रजांशी इमान राखलं म्हणून तर राज्य राहिलं. नाहीतर आपण कुठे असतो?’’

‘‘राज्य राहिलं, पण किल्ला?’’

किल्ला जून 1858 मध्ये सर ह्यू रोझने घेतला, तो 1886 पर्यंत इंग्रजांनी सोडला नाही. मधल्या काळात, 1861 मध्ये, झाशी शहर मात्र त्यांनी शिंद्यांना देऊन टाकलं होतं. ग्वाल्हेरचा किल्ला 1886 मध्ये परत मिळाला तो या झाशीच्या बदल्यात. जयाजीराव त्याच वर्षी वारले.

‘‘म्हणजे तुमचा किल्ला आमच्या गावाच्या किमतीत सुटला, दादा,’’ आत्याआजी म्हणाली, आणि आजोबांनी विषय आंब्यांवर नेला.