भाजल्यानंतरचे तास

६ नोव्हेंबर २०२१, भाऊबीज. सकाळी ११च्या सुमारास अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या कोविड अतिदक्षता विभागाला आग लागली. ११ रुग्ण गेले. त्यांना वेळच मिळाला नाही. आगीतून जिवंत बाहेर येणाऱ्यांना मात्र थोडा वेळ मिळतो, आणि तो तासांत मोजायचा असतो.

पहिला तास
भाजलेला माणूस बोलतो, पाणी मागतो. घरच्यांना धीर येतो: "बोलतोय ना, वाचेल." पण अंगाचा २० टक्क्यांहून जास्त भाग भाजला असेल, तर साऱ्या शरीरातल्या रक्तवाहिन्या झिरपू लागतात, रक्तातलं पाणी बाहेर जातं. हृदयाला, मेंदूला रक्त पुरावं म्हणून शरीर आतड्याचं रक्त कमी करतं. कातडी सगळ्यांना दिसते, आतड्याकडे कुणाचंच लक्ष नसतं.

तिसरा तास
रुग्ण याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या वाडीचा असेल, तर तो अजून गाडीतच असेल. ६० किलो वजन आणि ४० टक्के भाजलेलं धरलं, तर नेहमीच्या हिशेबाने २४ तासांत साडेनऊ लिटरहून जास्त सलाईन लागतं. त्यातलं निम्मं पहिल्या ८ तासांत. हे ८ तास भाजल्या क्षणापासून मोजायचे, दवाखान्यात पोचल्यापासून नाही! म्हणून पहिली बाटली जवळच्या आरोग्य केंद्रातच लागली पाहिजे.

आठवा तास
आतड्याकडे रक्त परततं, पण सोबत पांढऱ्या पेशींची झुंड घेऊन. न्यूट्रोफिल नावाच्या या पेशी एरवी जंतू मारतात. इथे त्या आतड्याच्या भिंतीत शिरून आपल्याच घरावर हत्यार चालवतात. इंटरल्युकिन-६सारखी रसायनं वाढतात, सूज चढत जाते. आतड्याचं अस्तर अवघ्या एका पेशीच्या जाडीचं. पेशी-पेशींना जोडणारे टाके उसवू लागतात. लंडनचे शल्यचिकित्सक कर्लिंग यांनी भाजलेल्या रुग्णांच्या आतड्यातल्या जखमा १८४२ मध्येच नोंदवल्या होत्या.

चोविसावा तास
पोट फुगतं. नाकातल्या नळीतून पातळ अन्न आदल्या दिवशीच थोडंथोडं सुरू झालं असेल, तर अस्तर तग धरतं. "पोटाला आराम द्या" म्हणणाऱ्या नातेवाइकांना हे समजावणं फार अवघड जातं. उपाशी आतडं लवकर खचतं. मग आतले जंतू, त्यांची विषं भिंत ओलांडतात.

तिसरा दिवस
आतड्यातून सुटलेली विषं आणि सूज वाढवणारी रसायनं शरीरभर पसरतात. ज्या फुप्फुसांपर्यंत धूर पोचलाच नव्हता, तीही सुजतात. धाप लागते, लघवी कमी होते. दाराशी उभी बहीण विचारते, "हातपाय भाजले होते ना डॉक्टर, मग छातीला काय झालं?"